कल्याणच्या बत्तीस डिश आणि जोरदार संकेताचा पेच

कल्याण-शहाड-उल्हासनगर पट्ट्याचा इतिहास सांगायला बसलं की ठरावीक टप्पे येतात. खाडीवरचं जुनं बंदर, दुर्गाडी किल्ला, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर त्या छावणीच्या बराकींत येऊन राहिलेले सिंधी निर्वासित, 1949 साली छावणीला मिळालेलं उल्हासनगर हे नाव, मग शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि पलीकडे मोहोन्याची एनआरसी. मी शहाडचा, त्यामुळे ही जंत्री तोंडपाठ आहे. आमच्याकडचे बुजुर्ग त्यात कोण कुठल्या खात्यात कामाला होतं याची भर घालतात. पण 1965 साली याच कल्याणजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, आपली पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली, हे त्या जंत्रीत कधी येत नाही. मला शाळेत कुणी ते सांगितलं नाही. पुढे रेडिओ लहरींविषयी वाचताना ते सापडलं आणि वाटलं, आपल्या दोन-चार किलोमीटरच्या परिघातली एवढी मोठी गोष्ट, आणि आपल्याला तिची खबरच नाही!

ही दुर्बीण सूर्याकडे पाहत होती. सूर्य हा रेडिओ लहरींचा आकाशातला फार जोरदार स्रोत आहे. इथे जोरदार आणि हवा असलेला संकेत एकच होता, हे ध्यानात ठेवा. कारण याच सुमारास अमेरिकेत अँटेनांच्या रांगा वापरण्याचं जे नवं तंत्र तयार होत होतं, त्याने नेमकं उलटं गृहीत धरलं होतं. जे जोरदार ते शत्रूचं. त्या गृहीतकाने पुढे बराच घोळ घातला. पण आधी कल्याणच्या डिशची कहाणी.

या डिश मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. सिडनीजवळ पॉट्स हिल इथल्या जलाशयाच्या काठावर क्रिस्टियनसन नावाच्या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला साधारण सहा फुटी 32 डिश एका रांगेत बसवल्या होत्या. त्यांनी सूर्याचं निरीक्षण चालायचं. 1952 साली सिडनीत रेडिओ विज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन गेले होते. तिथलं काम पाहून ते भारावले आणि परत आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेतल्या तरुणांपुढे त्यावर व्याख्यान दिलं. त्या तरुणांत गोविंद स्वरूप होते. उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वारा गावात 1929 साली जन्मलेले, अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले. कोलंबो योजनेतून 1953 साली ते आणि आर. पार्थसारथी सिडनीला पोचले.

तिथे पहिले काही महिने त्यांनी क्रिस्टियनसन यांना सूर्याचा नकाशा करायला मदत केली. पृथ्वी फिरते तशी डिशची रांग सूर्याला वेगवेगळ्या कोनांतून कापते. ते सगळे काप गणिताने एकत्र करायचे आणि त्यातून चित्र काढायचं. आज संगणक हे चुटकीसरशी करतो. तेव्हा हिशेब हाताने आणि साध्या यंत्रांवर व्हायचे, त्यात महिने जायचे.

क्रिस्टियनसन यांना लवकरच नवी, मोठी दुर्बीण मिळणार होती आणि जुन्या डिश भंगारात निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या. ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही संस्था त्या द्यायला तयार झाली. 1955 सालची ही गोष्ट. मग वाहतुकीचा खर्च आणि परकीय चलन यावर घोडं अडलं. डिश काही वर्षांनी भारतात आल्या खऱ्या, पण तोवर स्वरूप अमेरिकेत गेले होते. दिल्लीत त्या डिश नुसत्या पडून राहिल्या. आपल्या देशात बऱ्याच चांगल्या वस्तूंच्या नशिबी हे येतं.

अमेरिकेत स्वरूप स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्रेसवेल यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. तिथे त्यांनी यांग या सहकाऱ्याबरोबर एक युक्ती काढली, जी पुढे जगभर वापरली गेली. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अनेक अँटेना एकत्र वापरायच्या तर प्रत्येकीने पकडलेली लाट मध्यवर्ती खोलीत एकाच तालात पोचली पाहिजे. एका लाटेचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र आले तर दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. या तालाला शास्त्रज्ञ फेज म्हणतात. लाट असते हातभर लांबीची, आणि केबल असते शेकडो मीटर. केबल उन्हाने तापली, किंचित लांबली, तरी ताल चुकतो. पूर्वी हे तपासायला माणूस उपकरण घेऊन रांगेभर फिरायचा. स्वरूप आणि यांग यांनी काय केलं? मधल्या खोलीतूनच एक खूण-लहर केबलमध्ये सोडायची, डिशपाशी तिच्यावर ओळखीचा शिक्का मारून ती परत पाठवायची, आणि जाऊन-येऊन तिचा ताल किती बदलला ते खोलीत बसून मोजायचं. 1961 साली हे छापून आलं. केबल बरोबर आहे असं गृहीत धरण्यापेक्षा ती प्रत्यक्षात कशी आहे ते विचारून घ्यायचं, असा तो मामला.

त्याच वर्षी परदेशात असलेल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, मायदेशातल्या संस्थांना पत्रं लिहिली: आम्हाला परत येऊन एकत्र काम करायचं आहे. सर्वांत तडफेने उत्तर दिलं होमी भाभा यांनी. जानेवारी 1962 मध्ये त्यांची तार गेली. स्वरूप 1963 च्या एप्रिलमध्ये टीआयएफआरमध्ये रुजू झाले आणि दिल्लीत पडलेल्या डिश मुंबईकडे मागवल्या गेल्या. सरमा, जोशी, कपाही, इसलूर, सिन्हा असे तरुण सोबतीला आले. दोन वर्षांत दुर्बीण उभी राहिली, तीही मुंबईच्या कोलाहलातून बाहेर, कल्याणजवळ.

24 डिश पूर्व-पश्चिम, 630 मीटरच्या रेषेत. 8 डिश दक्षिणोत्तर, 256 मीटरच्या रेषेत. वारंवारिता 610 मेगाहर्ट्झ, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरची लाट. एकटी सहा फुटी डिश या लाटेत सूर्याचा नुसता एक धूसर ठिपका दाखवेल. पण 630 मीटरवर पसरलेली रांग सूर्यबिंबाच्या दहाव्या हिश्श्याएवढे बारकावे पूर्व-पश्चिम दिशेत वेगळे करू शकते. 1965 ते 1968 या काळात हे काम चाललं. सुरुवातीला सूर्य शांत होता, डागांच्या चक्राच्या तळाशी. बिंबाच्या मध्यापेक्षा कडेला रेडिओ तेज वाढलेलं दिसतं आणि सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, हे कल्याणच्या निरीक्षणांतून दिसलं. इकडे रेयॉनच्या कारखान्याचा भोंगा होत होता आणि तिकडे काही पोरं सूर्याच्या कडेचं तापमान मोजत होती. एकाच काळातली, एकाच परिसरातली ही दोन दृश्यं मला शेजारी-शेजारी ठेवावीशी वाटतात.

कल्याणची रांग साधी होती. सगळ्या डिशचे संकेत तालात आणून बेरीज करायची, बस्स. अशा बेरजेचा एक मोठा गुण म्हणजे ती चुका पोटात घालते. समजा प्रत्येक डिशचा ताल इकडे-तिकडे दहा-दहा अंशांनी चुकला, तर येणाऱ्या संकेताची ताकद साधारण तीन टक्क्यांनी कमी होते. चित्र किंचित मळतं, पण सूर्य गायब होत नाही. संकेत जोरदार असो वा क्षीण, तोटा तेवढाच.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या लष्कराचा प्रश्न वेगळा होता. रडारला दूरच्या विमानावरून येणारा क्षीण प्रतिध्वनी ऐकायचा असतो, आणि शत्रू मुद्दाम जोरदार गोंगाट सोडून तो बुडवतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवेल्स यांनी यावर उपाय काढला. मुख्य अँटेनाच्या जोडीला एक छोटी अँटेना लावायची, ती गोंगाटाचा नमुना घेणार आणि यंत्र तो नमुना योग्य प्रमाणात मुख्य संकेतातून आपोआप वजा करणार. 1959 साली केलेल्या अर्जावर त्यांना ऑगस्ट 1965 मध्ये पेटंट मिळालं. कल्याणची दुर्बीण सुरू झाली तेच वर्ष. 1966 मध्ये ॲपलबाम यांनी याचं गणित अनेक अँटेनांसाठी मांडलं. 1967 मध्ये विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा स्वतःहून शिकणाऱ्या अँटेनांवरचा निबंध आला. हे विड्रो स्टॅनफर्डचेच. 1969 मध्ये केपन यांनी जवळचंच गणित भूकंपमापकांच्या रांगेसाठी वापरलं. तिथे हेतू होता दूरच्या देशातले अणुस्फोट ओळखण्याचा.

या सगळ्याला ॲडाप्टिव्ह बीमफॉर्मिंग म्हणतात. कल्पना थोडक्यात अशी. यंत्राला सांगायचं, अमुक दिशेने येणाऱ्या संकेताला हात लावू नकोस. बाकी एकूण आवाज जितका कमी करता येईल तितका कर. यंत्र प्रत्येक अँटेनाचं वजन बदलत राहतं, आणि ज्या दिशेने मोठा गोंगाट येतो तिकडे आपोआप बहिरं होतं. रडारसाठी हे वरदानच ठरलं. हवा असलेला प्रतिध्वनी इतका बारीक की यंत्राच्या तो खिजगणतीतही नाही, आणि मोठा तो शत्रूच.

पण हवा असलेला संकेतच मोठा असेल तर? आणि आपण यंत्राला सांगितलेली दिशा जरा चुकली असेल, किंवा केबलचा ताल थोडा सरकला असेल तर? यंत्राच्या लेखी आपला माणूस सांगितलेल्या जागी नाही, किंचित बाजूला आहे. म्हणजे तो परका. शिवाय तोच सर्वांत मोठ्याने बोलतो आहे. यंत्र त्यालाच दाबतं.

मी हा हिशेब कागदावर करून पाहिला. फक्त दोन अँटेना घ्या आणि तालात दहा अंशांची चूक धरा. संकेत प्रत्येक अँटेनाच्या स्वतःच्या खरखरीइतकाच असेल तर यंत्र जवळपास काहीच बिघडवत नाही. संकेत खरखरीच्या 66 पट ताकदीचा झाला की बाहेर येणाऱ्या लाटेची उंची निम्मी होते. 660 पट झाला की अकरावा हिस्सा उरतो. 6,600 पटीला शंभरावा. जितका मोठा आवाज, तितका जास्त पुसला जातो! साध्या बेरजेत याच चुकीने एक टक्कासुद्धा ताकद जात नाही.

असं का होतं याचं कारण मजेशीर आहे. अगदी जवळच्या दोन दिशांत फरक करायचा तर यंत्राला अँटेनांची वजनं प्रचंड वाढवून एकमेकांतून वजा करावी लागतात. त्याने अँटेनांची स्वतःची खरखरही फुगते. क्षीण संकेतासाठी हा सौदा परवडत नाही, म्हणून यंत्र त्याच्या वाटेला जात नाही. संकेत जोरदार असला की सौदा परवडतो. थोडक्यात, खरखर ही इथे दोस्ताचं रक्षण करते. 1973 साली हेन्री कॉक्स यांनी या नाजूकपणाचं गणित नीट मांडलं. 1982 मध्ये विड्रो यांनीच एका निबंधात संकेत कसा स्वतःच पुसला जातो आणि त्यावर इलाज काय, याची चर्चा केली. ज्यांनी तंत्र उभारलं त्यांनीच त्याचे दोष मांडावेत, हे मला आवडलं.

यात आणखी एक फसवणूक आहे. आपलाच संकेत भिंतीवर आदळून दुसऱ्या दिशेने येतो तेव्हा ती त्याचीच नक्कल असते. मग यंत्र अस्सल आणि नक्कल एकमेकांवर टाकून दोन्ही संपवतं. वर अहवाल देतं की एकूण आवाज छान कमी झाला आहे.

हे निव्वळ कागदी नाही, आमच्या घरात घडलेलं आहे. अब्बांना दोन वर्षांपूर्वी ऐकण्याचं यंत्र घेतलं. अशा यंत्रांत दोन मायक्रोफोन असतात आणि तेही छोट्या अँटेनांच्या रांगेसारखे काम करतात. घरात सगळं ठीक होतं. पण नात्यातल्या एका वलीम्याला, टाइल्स लावलेल्या हॉलमध्ये, समोर बसलेल्या नातवाने जितकं जोरात बोलावं तितके अब्बा गोंधळायचे. "अरे, बोलता बोलता तू मध्येच गप्प का होतोस?" असं ते त्याला विचारत होते. नातू बिचारा ओरडून लाल झालेला. नंतर यंत्र बसवणाऱ्या बाईंनी समजावलं की घुमणाऱ्या हॉलमध्ये दिशा आपोआप शोधणारा प्रोग्रॅम घोळ करतो. त्यांनी अब्बांना एक बटण दाखवलं, ज्याने तो बंद होतो आणि यंत्र साध्या पद्धतीने ऐकतं. तेव्हापासून लग्नात शिरताना अब्बा आधी ते बटण दाबतात.

अभियंत्यांनी काढलेले इलाज याच जातीचे आहेत. जवळचा आवाज स्वच्छ आणि मोठा येत असेल तेव्हा यंत्राचं शिकणं थांबवायचं, हा एक. आपला संकेत बंद असतानाच गोंगाटाचा अभ्यास करायचा, हा दुसरा. रडारला तो सोपा जातो, संभाषणात तितका नाही. तिसरा मला फार आवडतो: यंत्राशी चक्क खोटं बोलायचं. अँटेनांची खरखर आहे त्यापेक्षा जास्त आहे असं त्याच्या हिशेबात घुसडायचं. मग त्याला वाटतं, बारीक फरकांसाठी वजनं फुगवणं महाग पडेल, आणि ते मुकाट्याने साध्या बेरजेजवळ राहतं. किती खोटं बोलायचं याला मात्र पक्कं सूत्र नाही. कमी बोललात तर दोस्त दबतो, जास्त बोललात तर शत्रू सुटतो.

या गणितातून समाजावर चार वाक्यं लिहिण्याचा मोह मला झाला होता. वाचकांना ती सुचलीच असतील, म्हणून मी लिहीत नाही.

स्वरूप यांच्या गटाने कल्याणनंतर सूर्य सोडला आणि उलट टोकाला गेले, अतिशय क्षीण संकेतांकडे. 1970 मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण सुरू झाली. उतार असा निवडला की तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहील. तिच्यात 1,056 छोट्या अँटेना आहेत आणि त्यांचा ताल बदलून ती उत्तर-दक्षिण दिशेत नजर फिरवते. हेतू होता चंद्राच्या कडेआड जाणाऱ्या दूरच्या दीर्घिका टिपण्याचा. चंद्राची कड कुठे आहे हे अचूक ठाऊक असतं, म्हणून स्रोत ज्या क्षणी लपतो त्यावरून त्याची जागा कळते. चाँदरातीला गच्चीवर माना वर करून उभं राहणाऱ्या आम्हा लोकांना ही युक्ती समजायला वेळ लागू नये. कल्याणच्या दुर्बिणीला हिरवा कंदील दाखवणारे भाभा मात्र हे पाहायला नव्हते. जानेवारी 1966 मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात ते गेले.

नंतर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी झाली. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. 4 ऑक्टोबर 2001 रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या ठरलेल्या वारंवारितांत एक 610 मेगाहर्ट्झची होती, कल्याणचीच. तिथे हवा तो संकेत नेहमी क्षीण आणि नको तो जोरदार: मोबाइल, उपग्रह, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या. तरीही खोडदला तीस डिशचा ताल मुख्यतः ओळखीच्या तेजस्वी स्रोताकडे पाहून जुळवला जातो आणि मग त्यांची बेरीज होते. ठिणग्यांचे तडाखे वेगळ्या गाळणीने, काळाच्या हिशेबाने, काढले जातात. स्वरूप यांचं 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात निधन झालं. अखेरपर्यंत ते नव्या दुर्बिणींच्या योजनांत मशगूल होते.

शहाड स्टेशनच्या पुलावरून पाहिलं तर आता इमारतींच्या गच्च्यांवर मोबाइलचे चपटे पांढरे डबे दिसतात. फाइव्ह-जीच्या अशा एका डब्यात अनेकदा 32 किंवा 64 अँटेना असतात. कल्याणमध्ये 630 मीटरवर पसरलेली रांग म्हणजे आज दारापेक्षा छोटी वस्तू. तिच्यापुढे रोज तोच जुना पेच असतो. पुलाखाली उभ्या माणसाचा फोन अगदी जवळ, जोरदार, आणि त्याची लाट आजूबाजूच्या इमारतींवर आपटून चार वाटांनी येणारी. इथे यंत्राला कुणी दिशा सांगत नाही. फोन दर सेकंदाला अनेकदा दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेली एक खूण पाठवतो. प्रत्येक अँटेनापर्यंत ती कशी पोचली हे मोजून डबा त्या फोनचा ताल ठरवतो, आणि फोन चार पावलं सरकला की पुन्हा मोजतो. स्वरूप आणि यांग केबलमध्ये जी खूण-लहर सोडत होते, तिचीच ही हवेतली भावंडं.